भिंत हलली तर?

गेल्या महिन्यात गावच्या घराची मागची भिंत पाडली. पाडली म्हणजे काय, दोन माणसं, एक पहार आणि अर्धा तास. चहा उकळेपर्यंत दहा फूट भिंत खाली! दोन फूट जाडीची, काळ्या दगडाची, लहानपणापासून जिला मी 'किल्ल्यासारखी' म्हणत आलो ती भिंत. मी पुण्याहून खास सुट्टी टाकून गेलो होतो, दिवसभर फोटो काढायचे म्हणून. पाच-सहा फोटोंतच कार्यक्रम आटोपला.

आमचं गाव पाटण तालुक्यातलं. बाबा रिटायर झाले, आता त्यांना आणि आजीला गावीच राहायचंय. जुनं घर पाडून त्याच जोत्यावर नवं, एकमजली, भक्कम घर बांधायचं ठरलं. भिंती कशाच्या घ्यायच्या याचा शोध घ्यायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं, कारण "तू इंजिनियर आहेस ना!" (मी कॉम्प्युटर इंजिनियर आहे ही गोष्ट आमच्या घरात अजून कुणी मनावर घेतलेली नाही. टीव्ही बिघडला तरी मला फोन येतो. असो.)

मग मी आपल्या स्वभावाला जागून एक एक्सेल शीट केली. काळा दगड, जांभा, भट्टीची वीट, सिमेंटचा ब्लॉक आणि सिपोरेक्स. पुण्यात वजनाला हलक्या पांढऱ्या एएसी ब्लॉकला मिस्त्री लोक सर्रास सिपोरेक्स म्हणतात. सत्तरच्या दशकात पुण्यात त्या नावाचा कारखाना आला आणि ब्रँडचं नाव वस्तूलाच चिकटलं, डालडा-कोलगेटसारखं. ब्लॉक मूळचा स्वीडनचा, १९२० च्या दशकातला. तर शीटमध्ये कॉलम होते किंमत, वाहतूक, उन्हाळ्यात गारवा, ओल, प्लास्टरचा खर्च आणि दिसायला कसं. प्रत्येकाला दहापैकी मार्क. रंगबिरंगी सेल. मी खूश.

बाबांचा जीव दगडावर. रत्नागिरीचे काका म्हणाले, चिरा घ्या, आमच्याकडे सगळी घरं जांभ्याची आहेत, काय झालंय? कॉन्ट्रॅक्टर म्हणाला, आरसीसी फ्रेम मारू, मध्ये सिपोरेक्स भरू, दोन महिन्यात घर. मी लॅपटॉप फिरवून सगळ्यांना शीट दाखवत होतो. आजी कोपऱ्यात शेंगा फोडत बसली होती. तिने विचारलं,

"आन् हालली तर काय करंल तुजी भित्त?"

शीटमध्ये तो कॉलमच नव्हता.

मंडळी, जिथून कोयना धरण फार लांब नाही अशा गावात घर बांधायला निघालेला हा इंजिनियर गारव्याला मार्क देत होता आणि भूकंपाला विसरला होता! त्या दिवसानंतरचे तीन वीकेंड मी फक्त वाचत होतो. त्यात जे सापडलं ते इथे लिहून ठेवतोय. सुरुवात आमच्याच भिंतीपासून करू.

पहारीने भिंत उघडली तेव्हा तिचा छेद दिसला. बाहेरच्या बाजूला बऱ्यापैकी घडीव दगड, आतल्या बाजूला तसेच दगड, आणि मध्ये? मध्ये माती, कपच्या, गोटे, एक तुटका मडक्याचा तुकडा आणि उंदरांची बिळं. म्हणजे दोन फुटांची एक भिंत नव्हतीच ती. सात-आठ इंचांच्या दोन भिंती शेजारी शेजारी उभ्या होत्या आणि मधल्या फटीत भर घातली होती. या बाजूपासून त्या बाजूपर्यंत आरपार जाणारा एकही दगड मला त्या दहा फुटांत दिसला नाही. कोपऱ्यातही दोन भिंती एकमेकींना नुसत्या टेकलेल्या. सगळा डोलारा मातीच्या गाऱ्यावर आणि स्वतःच्या वजनावर उभा.

वरून येणारा भार अशी भिंत झकास पेलते. शंभर वर्षं पेलेल. आडवा धक्का बसला की मात्र बाहेरची भिंत बाहेर फुगते, मधली भर खाली सरकून पाचरीसारखी बसते आणि दोन्ही बाजू फाकतात. पहारीने नेमकं हेच केलं होतं.

आणि हे या भिंतीच्या बाबतीत आधी एकदा झालंही होतं.

११ डिसेंबर १९६७. पहाटे चार वाजून एकवीस मिनिटं. आजी तेव्हा सतरा वर्षांची, लग्न होऊन आठ महिने झालेले. तिच्या सांगण्याप्रमाणे आधी गाडी आल्यासारखा आवाज झाला (गावात तेव्हा गाडी यायचीच नाही), मग भांडी पडली, मग अंधारात नुसती धूळ. ओरडायला तोंड उघडलं तर तोंडात माती. धूळ बसली तेव्हा ती अंथरुणावरच होती आणि तिला समोर आभाळ दिसत होतं. भिंत बाहेरच्या अंगाला अख्खी पडली होती. पण छप्पर डोक्यावर तसंच होतं. कारण छप्पर भिंतीवर नव्हतंच, ते लाकडी खांब आणि तुळयांवर होतं. गावाकडे घर 'खणांत' मोजतात ना, त्या खणांचा सांगाडा. भिंत गेली, खण राहिले आणि आजी वाचली. शेजारच्या घरातली भिंत आतल्या बाजूला पडली. त्याबद्दल आजी फार बोलत नाही.

त्या भूकंपात पावणेदोनशेच्या वर माणसं गेली, कोयनानगरची बहुतेक घरं पडली किंवा राहण्याजोगी उरली नाहीत, आणि वीज गेल्यामुळे मुंबईपर्यंत अंधार झाला. धरणाला भेगा गेल्या, पण धरण उभं राहिलं. भूकंपाची तीव्रता ६ च्या वर होती. धरणाच्या पाण्याने चेतवलेल्या भूकंपांचं उदाहरण म्हणून जगभर आज कोयनेचं नाव घेतात. २०१७ मध्ये गोठण्याला शास्त्रज्ञांनी तीन किलोमीटर खोल भोक पाडलं ते याच भूकंपांचा अभ्यास करायला.

आजोबांनी पुढच्या उन्हाळ्यात भिंत परत बांधली. तेच दगड, तीच माती. पैसे नव्हते, आणि दुसरी पद्धत कुणी सांगितली नाही. त्याच भिंतीला मी किल्ला म्हणत होतो. आजी मात्र कायम मधल्या खांबाजवळ झोपत आली आहे. मला वाटायचं तिथे वारा लागतो म्हणून.

मला पहिला प्रश्न पडला तो हा, की दुसरी पद्धत तेव्हा माहीतच नव्हती का? इथे गोष्ट एकदम बलुचिस्तानात जाते, तेव्हा जरा सांभाळून घ्या.

१९३१ च्या ऑगस्टमध्ये तिथल्या माच गावाला भूकंप झाला. त्यानंतर एस. एल. कुमार नावाच्या एका तरुण रेल्वे इंजिनियरला क्वेट्ट्यात रेल्वेची क्वार्टर्स बांधायचं काम मिळालं. अट एकच, भूकंपात पडता कामा नयेत. हाताशी ना कोड, ना सॉफ्टवेअर. त्याने लोखंडाने बांधून घेतलेल्या विटांच्या भिंतींची घरं बांधली, आणि १९३३ मध्ये या सगळ्यावर एक पेपर लिहिला. त्यात भारताचा भूकंपप्रवण भागांचा नकाशाही होता. दोन वर्षांनी, ३१ मे १९३५ च्या पहाटे क्वेट्टा शहर जमीनदोस्त झालं. किमान तीस हजार माणसं मेली. कुमारची क्वार्टर्स उभी राहिली.

मला हे वाचताना काटा आला. आपण कोड लिहितो आणि तो प्रॉडक्शनला चालेल अशी आशा करतो. या माणसाचं टेस्टिंग साक्षात पृथ्वीने केलं, आणि तेही चार वर्षांत.

क्वेट्टा नव्याने बांधताना हीच पद्धत पुढे वाढवली. वीट तीच, पण भिंतीत उभ्या पोकळ्या ठेवायच्या, त्यात सळया घालून काँक्रीट भरायचं. त्या रचनेला आजही क्वेट्टा बाँड म्हणतात. त्याच विचारातून आडवे पट्टे आले. जोत्यावर एक, दारं-खिडक्यांच्या डोक्यावर एक आणि छपराखाली एक, असा सळया घातलेला काँक्रीटचा सलग पट्टा घराच्या सगळ्या भिंतींवरून फिरवायचा. पिंपाला लोखंडी कडी असते ना, तसा. मग चारही भिंती एकमेकींना धरून राहतात, एकटी भिंत पडायला मोकळी राहत नाही. आपल्याकडे भूकंपरोधक बांधकामाचं मानक, आयएस ४३२६, पहिल्यांदा आलं १९६७ साली. हो, कोयनेच्याच वर्षी. म्हणजे ज्ञान होतं, छापलेलंही होतं. ते पाटण तालुक्यातल्या गवंड्यापर्यंत आलं नाही, एवढंच.

आणि पुढची सव्वीस वर्षंही ते नीट पोचलं नाही.

३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीची मिरवणूक आटपून लोक घरी येऊन झोपले होते. पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी लातूर-उस्मानाबादच्या सीमेवर किल्लारीचा भूकंप झाला. (उस्मानाबाद म्हणजे आताचं धाराशिव.) तीव्रता साधारण कोयनेएवढीच. मृतांचा आकडा मात्र दहा हजारांच्या घरात. तेव्हाच्या अधिकृत नकाशात किल्लारी झोन एकमध्ये होती. झोन एक म्हणजे सगळ्यात सुरक्षित! नकाशा बदलला २००२ मध्ये. कोयनेच्या वेळीही तेच झालं होतं. दख्खनचं पठार म्हणजे स्थिर जमीन असा समज होता, भूकंपानंतर १९७० मध्ये नकाशा सुधारला. नकाशा शहाणा होतो तो नेहमी नंतर.

तेवढ्याच धक्क्यात एवढी जास्त माणसं का गेली? वस्ती दाट होती, हे एक. पण भिंतीही बघा. आमच्या भिंतीचीच मोठी बहीण म्हणावी अशी, दोन-अडीच फूट, कुठे त्याहूनही जाड. दगड-माती, मध्ये भर, आरपार दगड नाही. आणि वर माळवद. पाटणकडे पाऊस धो धो, म्हणून कौलारू उतरतं छप्पर. तिकडे पाऊस कमी आणि ऊन कडक, म्हणून लाकडी फळ्यांवर पांढऱ्या मातीचा थर. पाणी ठिबकू नये म्हणून वर आणखी माती टाकत जायचं. पिढ्यान्पिढ्या थर वाढत जातो. उन्हाळ्यात घर गार, आणि डोक्यावर कित्येक टन माती टांगलेली.

गंमत म्हणजे (गंमत हा शब्द बरोबर नाही, पण दुसरा सुचत नाही) किल्लारीतही पाहणी करणाऱ्यांना हेच दिसलं, की लाकडी खणांचा सांगाडा जिथे धड होता तिथे भिंती पडूनही छप्पर अनेकदा वर राहिलं. आजीच्या घरासारखंच.

न्यूटनचा दुसरा नियम आपण सगळे पाठ करून आलोय. बल म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण. भूकंपात भिंतीवर येणारं बल हे तिच्या स्वतःच्याच वजनाच्या प्रमाणात असतं. मी हिशेब मांडला. एक चौरस मीटर भिंत घ्या. दोन फुटी काळा दगड असेल तर साधारण १४०० किलो. नऊ इंची वीट, ४४० च्या आसपास. आठ इंची सिपोरेक्स, दीडशेच्या आत. म्हणजे ज्याला आपण 'भक्कम' म्हणतो ती भिंत भूकंपाला वीटेच्या तिप्पट बल आयतं देते, आणि ते पेलायला तिच्याकडे काय असतं? माती.

किल्लारीनंतर मराठवाड्यात दगडाची दहशत बसली. लोकांना सिमेंटचंच घर हवं होतं. साहजिक आहे. मीही इथवर वाचून दगडाच्या ओळीवर लाल रंग मारला आणि आरसीसी फ्रेमला हिरवा. एक्सेल पुन्हा खूश.

मग आलं २६ जानेवारी २००१. भूजचा भूकंप. केंद्रापासून दोनशेहून अधिक किलोमीटर लांब अहमदाबादमध्ये काँक्रीट फ्रेमच्या, बऱ्यापैकी नव्या इमारती कोसळल्या. खाली पार्किंगसाठी नुसते खांब, वर भरलेल्या भिंती, आणि सांध्यांत सळयांची बांधणी ढिसाळ. कॉलमच्या सळयांभोवती ज्या रिंगा असतात त्यांची टोकं १३५ अंशांत आत वळवायची असतात, म्हणजे धक्क्यात रिंग उघडत नाही. १९९३ पासून हे मानकात लिहिलेलं आहे. साईटवर बहुतेक वेळा ती काटकोनात वळवून सोडून देतात, कारण ते सोपं पडतं. आणि त्याच भूकंपात कच्छमधले कित्येक भुंगे उभे राहिले. भुंगा म्हणजे मातीचं गोल घर, वर हलकं गवताचं छप्पर. मातीचं!

इथे माझ्या एक्सेलने मान टाकली. माती टिकली, काँक्रीट पडलं. मग मार्क द्यायचे तरी कशाला?

तीन वीकेंडनंतर मला जे कळलं ते एवढंच, की मी प्रश्नच चुकीचा विचारत होतो. 'भिंत कशाची?' हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न 'भिंत कशाने धरलेली आहे?' दगड कधीच फुटला नव्हता. १९६७ चे दगड आजही आमच्या अंगणात धडधाकट पडलेत. सुटले ते सांधे. दगड आणि दगडातला, भिंत आणि भिंतीतला, भिंत आणि छपरातला सांधा. आपल्या धंद्यात नाही का, प्रत्येक मॉड्यूल आपापल्या जागी ठीक चालतं आणि सिस्टिम पडते ती दोघांच्या मधल्या इंटरफेसवर!

दगडाचंही घर नीट बांधता येतं. भिंतीची जाडी दीड फुटाच्या आत ठेवायची, दर दोन फूट उंचीला आणि आडवं जास्तीत जास्त चार फुटांवर आरपार दगड टाकायचा, सिमेंटचा माल वापरायचा आणि पट्टे फिरवायचे. हे सगळं मानकात आहे. पण तसं काम करणारे जुने गवंडी आमच्याकडे आता उरलेले नाहीत. काकांचा चिरा चांगलाच, पण घाट चढवून आणायचा खर्च परवडेना. सिपोरेक्स भूकंपाला हलका, उन्हाळ्याला उत्तम, पण ते भरण आहे. सगळी भिस्त फ्रेमवर, आणि फ्रेमचे सांधे बघायला मी रोज पुण्याहून जाणार नाही.

शेवटी ठरलं भट्टीच्या विटेवर, पण बांधायची पद्धत वेगळी. तिला कन्फाइन्ड मेसनरी म्हणतात. १९०८ च्या भूकंपात इटलीतलं मेसिना शहर पडलं, त्याच्या पुनर्बांधणीत ही सुरू झाली. पुढे चिलीने ती उचलली आणि १९३९ च्या मोठ्या भूकंपात तिथे ती पारखली गेली. आपल्याकडे आयआयटी गांधीनगरने आपल्या कॅम्पसमधली हॉस्टेलं आणि स्टाफची घरं याच पद्धतीने बांधलीत. यात नेहमीच्या उलट चालतं. आधी वीटकाम करायचं, टोकांना दाते सोडायचे, आणि मग त्या दात्यांत घट्ट बसेल असा बारीक कॉलम आणि वर पट्टा ओतायचा. काँक्रीट भिंतीला मिठी मारतं. भार भिंतच घेते, पण तिला फुटून पडू देत नाहीत हे कॉलम.

आमच्या मिस्त्रींना हे सांगितलं तर ते माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले. "भिंत आधी आन् कॉलम नंतर? साहेब, जेवण आधी आन् स्वयंपाक नंतर?" :) कॉन्ट्रॅक्टरचं म्हणणं, एकमजली घराला एवढं स्टील कशाला, खिडकीवरचा पट्टा तरी गाळू, पैसे वाचतील. मीही क्षणभर डळमळलो. बजेट खरंच ताणलेलं आहे. टाइल्स, मॉड्युलर किचन, गेट, सगळ्यात काटछाट चालू आहे. फरक एवढाच की टाइल्स पाच वर्षांनी बदलता येतात. पट्टा नंतर घालता येत नाही.

बाबा गप्प होते. आजी म्हणाली, "फरशी ऱ्हाऊ दे. पट्टा घाला."

विषय संपला.

आता दर शनिवारी गावी चकरा सुरू आहेत. मागच्या खेपेला भट्टीवरून दहा विटा उचलून आणल्या. दोन विटा एकमेकींवर वाजवल्या की खण्ण आवाज यायला हवा. मग किचनच्या वजनकाट्यावर तोलल्या, रात्रभर बादलीत बुडवल्या, सकाळी परत तोलल्या. पाणी वजनाच्या वीस टक्क्यांपेक्षा जास्त पिता कामा नये. आठ पास झाल्या, दोन नापास. भट्टीवाल्याला सांगितलं तर म्हणाला, आजवर विटांना आंघोळ घालणारं गिऱ्हाईक बघितलं नव्हतं.

बाबांचे काळे दगड वाया जाणार नाहीत. ते जोत्याला लावतोय, या वेळी सिमेंटच्या मालात आणि आरपार दगड टाकून. आणि मधला सागवानी खांब नव्या घरात कशासाठीच लागत नाही, काही पेलणार नाही, तरी तो हॉलमध्ये उभा राहणार आहे. मी आर्किटेक्टला कारण सांगत बसलो नाही. आजीची कॉट कुठे लागणार ते आम्हाला माहीत आहे.